फारम बोरसेचं इंजिन

गेल्या महिन्यात नाशिकरोडला आमच्या चौकात फ्लेक्स लागला होता. बोरसेचा फोटो, डोक्यावर ड्रायव्हरची टोपी, मागं धुराचा लोट, आणि हातभर अक्षरं: ‘वाफेच्या युगाचा सारथी हरपला.’ छापणाऱ्याला मी दोष देत नाही. मेला की माणूस फ्लेक्सवर मोठाच होतो. आमच्या गल्लीतला एक जण जन्मभर पत्ते कुटत बसला, तो ‘क्रीडाप्रेमी’ म्हणून गेला. पण बोरसे सारथी नव्हता. तो आमच्या रेल्वेच्या इंजिन शेडच्या स्टोअरमधला क्लार्क होता. हे मी जळून सांगतो असं कोणाला वाटेल, म्हणून सांगतो, की त्यानं स्वतःच्या हातानं तसं लिहून ठेवलं होतं. कुठं आणि कशापायी, तेवढं सांगायला बसलोय. मी चौथीपर्यंत शिकलो. चुका सापडल्या तर वाचणाऱ्यानं आपल्या घरी दुरुस्त करून घ्याव्या.

शेडमध्ये मी बॉयलरवर. इंजिन थंड झालं की आत शिरायचं, ठोकायचं, ऐकायचं, तुटलेलं काढायचं, नवं बसवायचं. बोरसे स्टोअरच्या खिडकीत. खिडकी मांजर जाईल एवढी, आणि तिच्यात याचं तोंड. काहीही मागा, पहिला शब्द एकच: “फारम कुठाय?” मूठभर चिंध्या पाहिजेत, फारम. खडूचा तुकडा पाहिजे, फारम. फारम दिलं तर म्हणायचा, “यावर सही तिरकी आहे.” शेडनं त्याचं नाव फारम ठेवलं ते त्याच्या मरणापर्यंत टिकलं. एवढं टिकाऊ त्याच्या स्टोअरमधून दुसरं काही बाहेर आलं नाही.

एकदा बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काचेची नळी माझ्या तोंडासमोर फुटली. गालात काच घुसली, शर्ट लाल झाला. तसाच खिडकीशी गेलो. म्हटलं, “बोरसे, नळी दे, गाडी उभी आहे.” त्यानं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, रक्ताकडंही बघितलं, आणि म्हणाला, “फुटलेली जमा कर. तुकडे आण, मग नवी.” मी गालातला तुकडा उपटला आणि त्याच्या रजिस्टरवर ठेवला. म्हटलं, “हा घे, पहिला हप्ता.” त्यानं तो टिपकागदानं पुसला, डबीत ठेवला आणि म्हणाला, “बाकीचे?”

असा माणूस. दिसायला उंच, सुकलेला, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, एक निळं एक लाल. सगळ्या वस्तू त्याला नंबरानं पाठ. पाना म्हटलं की कळायचं नाही, नंबर सांगितला की लगेच फळीकडं जायचा. पण ती वस्तू इंजिनात कुठं बसते ते त्यानं कधी बघितलं नाही. ड्रायव्हर लोक त्याला इंजिनावर चढू देत नसत. एकदा चढला होता म्हणे, तर कोळसा मारणाऱ्यानं विचारलं, “चढायचं फारम भरलं का?” सगळी शेड हसली. हा मुकाट उतरला. एक गोष्ट मात्र खोटी बोलणार नाही. अक्षर छापल्यासारखं. नावाच्या पाट्या रंगवायच्या असल्या की साहेब लोक पेंटरला सोडून यालाच बोलवत.

वाफेची इंजिनं गेली, शेड मोडली, आम्ही रिटायर झालो. आणि मग या फारमला पालवी फुटली. खरे ड्रायव्हर एकेक करून मेले, जे राहिले ते ठार बहिरे, आणि हा कॉलनीच्या बाकावर बसून त्यांच्या गोष्टी स्वतःच्या म्हणून सांगायला लागला. खिडकीतून चाळीस वर्षं ऐकलेल्या. मी जाता-येता ऐकायचो. ही गोष्ट अमक्याची, ती तमक्याची, मला सगळ्यांचे मालक माहीत. एक दिवस तर यानं कसारा घाटात भर पावसात वाफेवर गाडी कशी चढवली ते सांगितलं. अरे, त्या घाटात माझ्या जन्माच्या आधीपासून विजेची इंजिनं! आठ-दहा जण बसले होते, सगळे शिकलेले, दोघं तर मास्तर. एकालाही कळलं नाही. मला वाटलं, उठावं आणि विचारावं. पण म्हटलं, जाऊ दे, बिनभाड्याची करमणूक आहे.

मग ते द्राक्षबागवाले आले. सायखेड्याच्या अलीकडं राजाभाऊंची बाग आहे. राहायच्या खोल्या, जेवण, बैलगाडीची चक्कर, शहरातले लोक सुट्टीला येतात. राजाभाऊंचं घराणं साखर कारखान्यातलं. निफाडच्या बाजूला एका बंद पडलेल्या कारखान्याच्या दाराशी ऊस ओढायचं जुनं छोटं इंजिन चबुतऱ्यावर उभं होतं, ते त्यांनी मिळवलं. बागेभोवती रूळ टाकायचे, इंजिन खऱ्या वाफेवर चालवायचं, मागं दोन डबे, त्यात पाहुणे. असं इंजिन जिल्ह्यात कुठं नाही. त्यासाठी त्यांना वाफेचा ड्रायव्हर पाहिजे होता, आणि हा टोपी घालून त्यांच्या ऑफिसात जाऊन बसला.

माझ्याकडं आला तेव्हा मिठाई घेऊन आला. यावरूनच ओळखलं.

“मिस्तरी, बॉयलरचं काम तुम्हीच करायचं. दुसऱ्या कोणाच्या हाताला मी लावू देणार नाही.”

“आणि चालवणार कोण?”

“मी.”

मी त्याच्या तोंडावर हसलो. तो हसला नाही. नजर खाली घालून म्हणाला, “तुम्ही बोलणार असाल तर आत्ताच बोला. कॉलनीतले दोन गाड्या भरून येणारेत उद्घाटनाला. मुलीच्या सासरचे येणारेत.”

मी बोललो नाही. त्याच्यावर दया आली असं कोणी समजू नये. मला इंजिन पाहिजे होतं. ते लहानसं इंजिन कोणी शाळकरी फिटर वेल्डिंगची टाकी समजून फोडणार, त्यापेक्षा हा खोटारडा टोपी घालून वर उभा राहिला तरी चालेल, असा मी हिशोब केला. चालवायचं ते मी खालून सांगेन, हा दांडा ओढेल.

इंजिन हलवायच्या दिवशी यानं गेटपास फाडला. कारखाना बंद, गेटवर वॉचमन नाही, एक कुत्रं झोपलेलं. तरी यानं तीन प्रतींत गेटपास लिहिला: ‘इंजिन, वाफेचे, नग एक.’ एक प्रत ट्रेलरवाल्याला, एक स्वतःला, एक गेटच्या सळईला दोऱ्यानं बांधली. मग हिरवा-लाल झेंडा घेऊन क्रेनपुढं उभा राहिला. क्रेनवाला त्याच्याकडं बघतच नव्हता, तो माझ्या हाताकडं बघत होता. पण फोटोत झेंडाच आला.

उंचीचं मोजमाप यानं केलं होतं, कागदावर. नकाशात इंजिनाची उंची होती ती लिहिली, रस्त्यावरच्या विजेच्या तारांची उंची लिहिली, वजाबाकी केली, खाली दोन रेघा मारल्या. इंजिन ट्रेलरवर बसणार आहे, आणि ट्रेलरलाही उंची असते, हे कागदात नव्हतं. सायखेडा रस्त्यावर धुराडं तारेखाली वीतभर अलीकडं आलं आणि मी ओरडलो म्हणून ट्रेलर थांबला. मागं कांद्याचे ट्रॅक्टर लागले. हॉर्नवर हॉर्न. एक ट्रॅक्टरवाला उतरून आला.

“ओ बाबा, लग्नाची वरात हाय का काय? कांदा उन्हात चाललाय आमचा!”

बोरसे कागद दाखवत म्हणाला, “होऊन जाईल, होऊन जाईल. मोजमाप बरोबर आहे.”

“मोजमाप बरुबर हाय तर तारच खाली आली म्हना! लय उद्धट तार हाय.”

मी वर चढलो आणि धुराड्याचे बोल्ट सोडले. जुने, गंजलेले, दीड तास लागला. तेवढा वेळ तो खाली ट्रॅक्टरवाल्यांना समजावत होता, की घाटात असताना त्याला एकदा यापेक्षा मोठी अडचण आली होती. तो कांदेवाला शेवटी म्हणाला, “मग त्या येळला बी हेच म्हातारं वर चढलं व्हतं का?” मला तो माणूस आवडला.

काम पावणेदोन वर्षं चाललं. नळ्या सगळ्या नव्या. भट्टीच्या आतला आणि बाहेरचा पत्रा एकमेकांना धरून ठेवणारे बोल्ट असतात, त्यांना स्टे म्हणतात. अर्धेअधिक गेले होते, एकेक करून बदलले. बोरसे रोज यायचा. पितळ घासायचा, हिरवा रंग कोणता ते ठरवायचा, नाहीतर पाहुण्यांना गोष्टी सांगायचा. काही विचारलं की “होऊन जाईल.” पण कागद त्यानं बिनचूक ठेवले हेही खरं. सरकारी बॉयलर तपासणारे आले, पाण्याचा दाब देऊन बघितला, एक थेंब गळला नाही. पासचं सर्टिफिकेट आलं. बोरसेनं ते काचेत मढवलं आणि ऑफिसात लावलं, राजाभाऊंच्या वडिलांच्या फोटोशेजारी.

दसऱ्यानंतरच्या रविवारी उद्घाटन ठरलं. मी दसऱ्याच्या आदल्या दिवशी बॉयलर रिकामा केला. पाणी सोडायच्या भोकाचा एक डाट, म्हणजे बूच, बदलायचा होता, त्याचा जोड आणायला मी दसऱ्याच्या सकाळी निफाडला गेलो. जाताना बोरसेला सांगितलं, “पाणी काढलंय. हात लावू नको.” त्यानं रजिस्टरात लिहूनही घेतलं: ‘बॉयलर रिकामा.’

आता आमच्याकडं साखर कारखान्यांत एक रीत आहे. गळीत सुरू व्हायच्या आधी दसऱ्याच्या सुमाराला बॉयलरचं अग्निप्रदीपन करतात. एक जोडपं पूजा करतं, भट्टीत चार लाकडं आणि कापूर टाकतं, फोटो निघतो, लोक जिलबी खातात. तिथं भट्टी खोलीएवढी. चार लाकडांनी तिला घामही येत नाही. राजाभाऊंच्या आईनं कारखानदारांच्या याच घरात जन्म घालवलेला. त्या म्हणाल्या, “बॉयलर आहे, दसरा आहे, आणि अग्निप्रदीपन नाही? हे शोभतं का?” ड्रायव्हरसाहेबांना विचारलं. ड्रायव्हरसाहेब म्हणाले, होऊन जाईल.

मी दुपारी परत आलो तर लांबूनच धुराडं धुरत होतं. मी पळत सुटलो. जवळ गेलो तर पाच जोडपी ओळीनं उभी. एकानं आहुती दिली म्हणून दुसऱ्याला द्यायची होती. आंब्याची लाकडं, गोवऱ्या, तूप, अख्खे नारळ. फोटोवाला म्हणत होता, ज्वाळा दिसत नाहीत, अजून टाका. दोन तास चाललं होतं. बोरसे टोपी घालून वर उभा, हात जोडलेले.

“पाणी भरलं?” मी विचारलं.

“पाणी कशाला? ही पूजेची आग आहे, मिस्तरी.”

पूजेची आग आणि चुलीची आग यांतला फरक लोखंडाला कळत नाही. एवढीशी भट्टी, वर पाणी नाही, छत भाजून निघालं. अशा वेळेसाठी छतात शिशाचा डाट असतो. पाणी फार कमी झालं की तो वितळतो आणि वरचं उरलंसुरलं पाणी आगीवर पडतं. डाट वितळला होता. पण पडायला पाणी कुठं होतं! मी विस्तव ओढून बाहेर काढला. राजाभाऊंच्या आई म्हणाल्या, “अहो, प्रसादाचा नारळ आहे त्यात.”

दुसऱ्या दिवशी निवल्यावर आत शिरलो. पट्टी लावली. छत अंगठाभर खाली आलं होतं. हातोडीनं स्टे वाजवले. चांगला स्टे घंटेसारखा वाजतो, तुटलेला मडक्यासारखा. सात मडकी मोजली. बाहेर येऊन राजाभाऊंना सांगितलं, “रविवारी वाफ होणार नाही. छत कापून नवा पत्रा घालावा लागेल. सहा महिने.”

राजाभाऊ मोबाईल खाली ठेवून म्हणाले, “मिस्तरी, मंत्री येणारेत. आणि बॉयलर पास आहे, सर्टिफिकेट समोर आहे.”

“कागद पास आहे. बॉयलर नाही.”

“तुम्ही फिटर माणूस. चालवणाऱ्याला विचारू. काय हो बोरसेसाहेब, दहा मिनिटं, बागेला एक फेरी. होईल ना?”

सगळे बोरसेकडं बघायला लागले. त्याचं ‘होऊन जाईल’ ओठावर आलेलं मला दिसलं. पण तो म्हणाला, “बघून सांगतो.” चाळीस वर्षांत काही बघून सांगतो म्हणालेला मी पहिल्यांदा ऐकला.

माझ्यामागं इंजिनाशी आला. हळूच विचारलं, “निम्म्या दाबानं?”

“मला विचारू नको. आत जाऊन बघ.”

“मी? आत?”

“चाळीस वर्षं घाटात गाडी चढवली ना? मग भट्टी बघितली असशीलच.”

हे मी मुद्दाम बोललो. बॅटरी दिली, हातोडी दिली. तो पांढऱ्या शर्टासकट भट्टीच्या तोंडातून आत शिरला. कमरेपर्यंत गेला आणि अडकला. बाहेर नुसते दोन पाय, पॉलिश केलेले बूट. मी पाय धरून ढकलला. आतून आवाज आला, घागरीतून यावा तसा.

“काय करू?”

“वर बॅटरी मार. छत सरळ दिसतं का?”

बूट जरा वळले. मग, “पोट सुटल्यासारखं दिसतंय.”

“आता डावीकडचे स्टे वाजव.”

टण्. टण्. टण्. मग थप्प. त्यानं परत मारली. थप्प.

“हा वाजत नाही, मिस्तरी.”

“वाजणार नाही. तुटलाय.”

“आणि वाफ धरली तर?”

“छत फाटेल. सगळी वाफ आणि उकळतं पाणी भट्टीच्या तोंडातून बाहेर येईल.”

“तोंडाशी कोण उभा असतो?”

बघा. चाळीस वर्षं सारथी, आणि हा प्रश्न! मी म्हटलं, “ड्रायव्हर. आणि त्याच्यामागं पहिल्या डब्यात तुझी कॉलनी.”

पाय हलले नाहीत. मला वाटलं गेला की काय. मग मी ओढून बाहेर काढला. तोंड काळं, चष्मा काळा. शर्ट झटकलाही नाही. हातोडी माझ्या हातात दिली आणि निघून गेला. मला खात्री होती, हा राजाभाऊंना हो म्हणणार आणि रविवारी ताप आला म्हणून घरी झोपणार. त्याच्या जातीची माणसं असंच करतात. खिडकीआड बसणाऱ्यांची जात म्हणतोय मी.

शनिवारी सकाळी गेलो तर इंजिनाभोवती माणसं जमलेली. झेंडूच्या माळा अजून चढायच्या होत्या. नव्या हिरव्या रंगावर, बॉयलरच्या अंगावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल रंगानं लिहिलेलं होतं. छापल्यासारखं अक्षर, ओळ जराही वाकडी नाही:

‘बॉयलर नापास. विस्तव घालू नये.’

आणि खाली, थोडं लहान: ‘म. रा. बोरसे, स्टोअर क्लार्क (निवृत्त).’

खाली दोन रेघा.

तो तिथंच उभा होता, हातात ब्रश. राजाभाऊ धावत आले, वाचलं, परत वाचलं. आधी रंगाबद्दल ओरडले. मग दुसऱ्या ओळीवर आले.

“क्लार्क? तुम्ही ड्रायव्हर ना?”

“नाही.”

“मग एवढे दिवस…? मंत्र्यांना काय सांगू मी?”

“सर्टिफिकेट मी काढून घेतलंय,” बोरसे म्हणाला. “तपासणाऱ्यांना कळवलंय. पोच घेतलीय.”

म्हणजे बघा, खरं बोलायला गेला तरी पोच घेऊन.

लोक याला धैर्य म्हणतील. मी म्हणत नाही. ज्याच्या अंगावर उकळतं पाणी येणार होतं त्यानं मागं सरकावं यात कसलं धैर्य? पोटदुखी सांगूनही तो सुटला असता, हे मात्र मी अजून सोडवू शकलो नाही. त्यानं स्वतःचा हुद्दा लिहायची गरज नव्हती. बॉयलर नापास, एवढंच पुरलं असतं. मी ते वाक्य डोक्यात बऱ्याचदा घोळवलं. क्लार्कनं लिहिलं म्हणून कोणी ऐकलं नसतं. ड्रायव्हरनं लिहिलं असतं तर ऐकलं असतं. तरी त्यानं क्लार्क लिहिलं. मूर्ख माणूस.

राजाभाऊंनी नंतर डब्यात ट्रॅक्टरचं इंजिन बसवलं. आता ते मागून ढकलतं, धुराड्यातून लग्नातलं धुराचं मशीन धूर काढतं, शिट्टी स्पीकरवर वाजते. लोक टाळ्या वाजवतात. मी एकदा बघितलं, परत गेलो नाही.

त्या शनिवारी राजाभाऊंनी माझ्या हातात थिनरची बाटली आणि फडकं दिलं. म्हणाले, “मिस्तरी, हे पुसून टाका, माळा लावायच्यात.” बागेत तेवढी एकच बाटली होती. मी घेऊन निघालो, पण इंजिनाकडं नाही. गेटबाहेर फाट्यावर बोरसे एसटीची वाट बघत उभा होता. सोडायला कोणी आलं नव्हतं. शर्टाच्या बाहीला लाल रंग लागला होता, तो थुंकी लावून चोळत होता, आणि डाग पसरत चालला होता.

माझ्या हाताकडं बघून म्हणाला, “थिनर आहे?”

“आहे.”

“थोडं बाहीला…”

मी बाटली दिली. तो फाट्यावरच्या दगडावर बसला आणि बाही पसरून, थेंब थेंब टाकत, एकाच जागी घासत बसला. माझ्याकडं बघितलं नाही. एसटी आली. तो गडबडीनं उठला, बायांना आधी चढू दिलं, मग स्वतः चढला. खिडकीशी जागा मिळाली. गाडी वळली तेव्हाही मान खाली घालून बाहीच घासत होता, आणि बाटली त्याच्याच मांडीवर होती. मी हाक मारली नाही.